कर्ता, सब्जेक्ट आणि क्रियापदाचा मेळ : एका शालेय नियमाची चिकित्सा

१

इंग्रजी व्याकरणाचा मराठीतून परिचय करून देणाऱ्या शालेय पुस्तकांत एक नियम सहसा आरंभीच येतो. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे व वचनाप्रमाणे चालते, असा तो नियम होय. त्याखाली दोनचार उदाहरणे देण्यात येतात, 'ही', 'शी', 'इट' यांच्यापुढे क्रियापदास 'एस' लावावा अशी सूचना केली जाते, आणि पुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. नियम इतका सोपा, इतका स्वयंसिद्ध वाटतो की, त्याची चिकित्सा करावी असे कोणाच्या मनात सहसा येत नाही. तथापि पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत त्यांस हे ठाऊक आहे की, इंग्रजीच्या ज्या नियमांचा भंग सर्वांत अधिक वेळा होतो त्यांत या सोप्या नियमाचा क्रम फार वरचा लागेल. पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेला विद्यार्थीही 'ही गो' आणि 'द बॉईज प्लेज' असे लिहून जातो.

याचे कारण विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात शोधण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. त्याच्या मते दोषाचा पुष्कळसा भाग नियमाच्या मराठी मांडणीतच आहे. आणि ती मांडणी इंग्रजीविषयी जितकी दिशाभूल करते, त्याहून अधिक ती मराठीविषयी करते. हे मत एका विशिष्ट भूमीवरून सुचलेले असल्यामुळे त्या भूमीचा निर्देश प्रथम केला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे गाव दामाजीपंत, चोखामेळा आणि कान्होपात्रा यांच्या नावांमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. परंतु कल्याणीस जाण्यापूर्वी कलचुरींची राजधानी येथे होती आणि बसवेश्वरांचे काही काळ वास्तव्य येथेच होते, ही गोष्टही तितकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. तालुक्याची सीमा कर्नाटकातील विजयपूर जिल्ह्याला भिडते. दक्षिणेकडील गावांत अनेक घरांची भाषा कन्नड आहे. बाजाराची, शाळेची आणि कचेरीची भाषा मराठी आहे. आणि दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसे तेथे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण या परिसरात झाले. त्या काळात त्याच्या एका वर्गबंधूच्या दोन वह्यांवर एकाच दिवशी लाल शाईच्या रेघा पडल्या. मराठीच्या वहीत त्याने 'मी भाकरी खाल्लो' असे लिहिले होते. इंग्रजीच्या वहीत 'माय ब्रदर ईट' असे लिहिले होते. मराठीच्या तासाला त्याने क्रियापद कर्त्याप्रमाणे चालविले म्हणून तो चुकला. इंग्रजीच्या तासाला ते कर्त्याप्रमाणे चालविले नाही म्हणून चुकला. दोन्ही तासांना त्याला सांगितलेला नियम मात्र एकाच शब्दावर, 'कर्ता' या शब्दावर, आधारलेला होता. त्या मुलाला त्या दिवशी पडलेला प्रश्न व्याकरणदृष्ट्या पूर्णपणे योग्य होता. त्याचे उत्तर मात्र त्याला कोणी दिले नाही. ते देण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

२

प्रथम इंग्रजीचा विचार करू. इंग्रजीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, या विधानाने विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, इंग्रजी क्रियापदाची रूपे कर्त्यागणिक पालटत असली पाहिजेत. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. 'बी' या धातूची रूपे सोडली, तर इंग्रजी क्रियापद भूतकाळात कर्त्याप्रमाणे मुळीच बदलत नाही; भविष्यकाळात बदलत नाही; 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांसारख्या साहाय्यकांच्या योगे होणाऱ्या रूपांत बदलत नाही. बदलते ते फक्त वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनात, आणि तेही एका 'एस'पुरते. लिंगाचा तर संबंधच नाही. मराठीतील 'खेळतो, खेळते, खेळतोस, खेळतेस, खेळता, खेळतात' या रूपावलीशेजारी इंग्रजीची 'प्ले' व 'प्लेज' ही दोनच रूपे ठेवली, म्हणजे कोणती भाषा या बाबतीत श्रीमंत आहे हे सांगावयास नको.

हा 'एस' म्हणजे एका ढासळलेल्या वाड्याची उरलेली भिंत आहे. प्राचीन इंग्रजीत 'गाणे' या अर्थाच्या धातूची रूपे 'इक सिंगे', 'थू सिंगेस्ट', 'हे सिंगेथ', 'वे सिंगाथ' अशी पुरुषवचनानुसार निरनिराळी होत. पुढे शब्दान्तीचे निर्बल स्वर झिजले आणि त्यांबरोबर हे प्रत्ययही नाहीसे झाले. तृतीय पुरुषी एकवचनाचा दक्षिणेकडील प्रत्यय 'थ' हा होता. आजचा 'एस' उत्तरेकडचा आहे. दहाव्या शतकात लिंडिसफार्नच्या शुभवर्तमानांवर नॉर्थम्ब्रियन बोलीत जी शब्दशः टीका लिहिली गेली, तीत तो आढळतो. तेथून तो हळूहळू दक्षिणेकडे पसरला. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही प्रत्यय शेजारी शेजारी नांदतात. १६११ च्या बायबलच्या अधिकृत भाषांतराने मात्र जुना 'थ'च राखला. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध इंग्रजीची कसोटी मानतो, ते रूप मुळात एका प्रांतिक बोलीचे असून राजधानीच्या भाषेत नंतर शिरलेले आहे.

त्या उत्तरेकडील बोलींचा नियम याहून निराळा होता. तेथे अनेकवचनी नामापुढेही क्रियापदास 'एस' लागत असे; परंतु क्रियापदाला लागूनच 'वुई' अथवा 'दे' असे सर्वनाम आले, तर तो लागत नसे. इंग्रजी भाषेचे अभ्यासक यास उत्तरेचा कर्तृनियम म्हणतात. आमचा विद्यार्थी 'द बॉईज प्लेज' असे लिहितो, तेव्हा तो त्या बोलीचे अनुकरण करीत नाही हे उघड आहे. नामाचे अनेकवचन 'एस'ने होते हे तो शिकलेला असतो. तोच 'एस' क्रियापदाच्या अंती एकवचन दाखवितो ही विपरीत गोष्ट त्याच्या गळी उतरत नाही. परंतु एवढे मात्र या बोलींवरून सिद्ध होते की, त्याचे वाक्य विचाराच्या नियमांविरुद्ध नाही. ते फक्त प्रमाण इंग्रजीच्या संकेताविरुद्ध आहे.

संकेत हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजिला आहे. 'यू' हे मूळचे अनेकवचनी सर्वनाम एका व्यक्तीस लावण्याची रूढी पडली, तेव्हा अठराव्या शतकातील पुष्कळ सुशिक्षित लेखक 'यू वॉज' असे लिहीत. अर्थ एकवचनी, म्हणून क्रियापद एकवचनी, हा तर्क त्यात होता. रॉबर्ट लौथ याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात त्याचा तीव्र निषेध केला आणि पुढे 'यू वेअर' हेच प्रमाण ठरले. येथे रूपाने अर्थावर मात केली. उलट 'कमिटी', 'टीम', 'गव्हर्न्मेंट' या समूहवाचक नामांच्या बाबतीत ब्रिटिश लेखक अर्थाकडे पाहून अनेकवचनी क्रियापद खुशाल योजितात, तर अमेरिकन लेखक रूपाकडे पाहून एकवचनी योजितात. एकाच भाषेत, एकाच नियमाखाली, कधी रूप जिंकते आणि कधी अर्थ. अशा नियमाला बुद्धीचा नियम म्हणून विद्यार्थ्यापुढे ठेवणे योग्य नव्हे.

३

आता मराठीकडे वळू. मराठीत क्रियापद कशाप्रमाणे चालते, या प्रश्नास एक उत्तर नाही, हे प्रयोगविचार शिकलेल्या प्रत्येकास माहीत आहे. 'राम पोथी वाचतो' येथे ते रामाप्रमाणे चालते. 'रामाने पोथी वाचली' येथे ते पोथीप्रमाणे चालते. पोथीच्या जागी ग्रंथ ठेवला की 'वाचला', पुस्तक ठेवले की 'वाचले'. 'रामाने रावणाला मारले' येथे ते कोणाच्याच ताब्यात नाही; नपुंसकलिंगी एकवचनात तटस्थ उभे राहते. कर्तरि, कर्मणि आणि भावे ही नावे आपण संस्कृतातून घेतली, परंतु व्यवस्था मराठीची आपली आहे. तिचे मूळ संस्कृतातील भूतकालवाचक धातुसाधितात आहे. ते विशेषण असल्यामुळे ज्या वस्तूवर क्रिया घडली तिच्या लिंगवचनास अनुसरत असे. पुढे त्याचेच भूतकाळाचे क्रियापद बनले, आणि कर्माशी असलेला त्याचा जुना मेळ तसाच टिकला. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या मराठीच्या जडणघडणीवरील ग्रंथाने ही परंपरा अभ्यासकांपुढे सविस्तर मांडली आहे.

एवढ्यावर मराठीची कथा संपत नाही. 'तू पोथी वाचलीस', 'तू ग्रंथ वाचलास', 'तू पुस्तक वाचलेस' ही वाक्ये पाहावी. 'वाचली, वाचला, वाचले' हा भाग कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. शेवटचा 'स' मात्र द्वितीय पुरुषी एकवचनी कर्त्याचा आहे. कर्ता 'तुम्ही' केला की 'वाचलीत' असे रूप होते. एकाच क्रियापदावर दोन धनी हक्क सांगतात आणि क्रियापद दोघांचेही ऐकते. आपल्या व्याकरणकारांनी यास कर्तृकर्मसंकर म्हटले. संकर या शब्दात भेसळीचा, अशुद्धाचा वास आहे. वस्तुतः ही भेसळ नसून अत्यंत सुव्यवस्थित वाटणी आहे : लिंग व वचन कर्माचे, पुरुष कर्त्याचा. बास्क भाषेत क्रियापद कर्ता, कर्म आणि संप्रदान या तिघांचीही नोंद एकदम ठेवते. त्याला कोणी संकर म्हणत नाही. एका धन्याचीच सेवा हा नियम गृहीत धरला म्हणजेच दोन धन्यांची सेवा विकृती वाटू लागते.

४

या गृहीताचे मूळ परिभाषेत आहे. इंग्रजीतील 'सब्जेक्ट' या संज्ञेस शालेय पुस्तकांनी 'कर्ता' हा प्रतिशब्द दिला. या दोन संज्ञा दोन वेगळ्या शास्त्रांतून आलेल्या आहेत, हे तेव्हा ध्यानात घेतले गेले नाही. पाणिनीच्या मते क्रिया घडविण्यात जो स्वतंत्र असतो तो कर्ता. ही कारकसंज्ञा आहे. तिचा संबंध क्रियेतील भूमिकेशी आहे. क्रियापदाचा प्रत्यय कधी कर्ता दाखवितो, कधी कर्म, कधी केवळ भाव, असे पाणिनीने सांगितले आहे. आणि प्रत्यय जे दाखवील त्याच्याशी त्याचा मेळ बसतो. कोणत्याही वाक्यात क्रियापदावर सत्ता गाजविणारे एक ठरलेले पद असलेच पाहिजे, अशी कल्पनाच त्याच्या शास्त्रात नाही. 'सब्जेक्ट' ही संज्ञा याच्या उलट ग्रीक तर्कशास्त्रातून आली. ज्याविषयी काही सांगावयाचे ते, असा तिचा मूळ अर्थ. तिचा खरा प्रतिशब्द 'उद्देश्य' हा आहे, आणि वाक्यपृथक्करणाच्या प्रकरणात आपण तोच वापरीत आलो. एकाच पुस्तकात पृथक्करणापुरते उद्देश्य आणि प्रयोगापुरता कर्ता, अशी दोन खाती ठेवून त्यांची परस्परांशी गाठ कशी पडते हे मात्र सांगितले जात नाही.

दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. त्यांचे कार्य आद्यप्रवर्तकाचे आहे आणि त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना असणे त्या काळी अपरिहार्य होते. परंतु चौकट इंग्रजी आणि परिभाषा संस्कृत, असा जो सांधा त्या काळी जुळविला गेला, तो नंतरच्या शालेय पुस्तकांनी तपासून पाहिला नाही. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त पूर्वसूरींची मते पारखून प्रयोगविचार फार विस्ताराने केला, आणि १९६४ साली अरविंद मंगरूळकर यांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' या नावानेच सर्व चौकटीला आव्हान दिले. विद्वानांच्या पातळीवर हा वाद जागता राहिला. पाठ्यपुस्तकांच्या पातळीवर तो कधी पोहोचलाच नाही. दामल्यांचे जे काही तेथे उतरले ते त्यांचे वर्गीकरण; त्यांची चिकित्सा नव्हे.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी तीन प्रश्न निराळे केले पाहिजेत. क्रिया करणारा कोण? वाक्य कोणाविषयी आहे? आणि क्रियापदाचे रूप कोणाप्रमाणे बदलते? 'राम रीड्स द बुक' या इंग्रजी वाक्यात तिन्ही प्रश्नांचे उत्तर राम हेच येते, म्हणून तिन्ही प्रश्न एकच आहेत असा भास होतो. 'रामाने पोथी वाचली' येथे पहिल्या दोहोंचे उत्तर राम आणि तिसऱ्याचे पोथी असे येते. यास आणखी पुरावा देता येतो. 'रामाने आपली पोथी वाचली' या वाक्यात 'आपली' म्हणजे रामाची. 'रामाने घरी येऊन पोथी वाचली' यात घरी येणारा राम, पोथी नव्हे. म्हणजे क्रियापद पोथीच्या आज्ञेत असूनही वाक्याच्या अन्य व्यवहारात रामाचे मुख्यत्व अबाधित आहे. 'मला आंबे आवडतात' यात आवड माझी, परंतु क्रियापद आंब्यांचे. एडवर्ड कीनन यांनी १९७६ साली जगातील अनेक भाषा ताडून हेच दाखविले की, 'सब्जेक्ट' हा एकच गुण नसून अनेक गुणांची मोळी आहे, आणि क्रियापदाशी मेळ हा त्या मोळीतील एक गुण होय. इंग्रजीत ती मोळी बहुधा घट्ट बांधलेली असते. मराठीत ती सैल आहे. चिनी आणि जपानी भाषांत तर क्रियापद पुरुषवचनाप्रमाणे कोणाशीच मेळ ठेवीत नाही, तरी त्या भाषांतून विचार करण्यास कोणास अडचण पडलेली नाही.

५

आता त्या वर्गबंधूच्या 'मी भाकरी खाल्लो' या वाक्याकडे परत येता येईल. प्रमाण मराठीत ते 'मी भाकरी खाल्ली' असे हवे यात वाद नाही. परंतु 'खाल्लो' हे रूप अडाणीपणाने आले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. कन्नडमध्ये 'तो पुस्तक वाचला' आणि 'ती पुस्तक वाचली' अशीच रचना आहे : 'अवनु पुस्तकवन्नु ओदिदनु', 'अवळु पुस्तकवन्नु ओदिदळु'. काळ कोणताही असो, क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, ते कर्त्यालाच अनुसरते. दोन्ही भाषा ज्याच्या जिभेवर आहेत त्याच्या मराठीत ही व्यवस्था उतरावी हे स्वाभाविक आहे. गम्पर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या भाषांच्या सहवासाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. शब्द निराळे राहूनही वाक्यरचना इतक्या जवळ आल्या आहेत की, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे, असे त्यांना आढळले. मंगळवेढा कुपवाडहून फार दूर नाही, आणि तेथील परिस्थितीही फारशी निराळी नाही.

तथापि सर्व भार कन्नडवर टाकणेही एकांगी होईल. या बदलाची बीजे मराठीतच आहेत. पहिली गोष्ट अशी की, तृतीय पुरुषी कर्त्यास 'ने' लागतो आणि तो क्रियापदाच्या सत्तेवरून दूर झाला हे कानाला कळते. 'मी' आणि 'तू' यांना मात्र काहीच लागत नाही. जुन्या 'म्या' व 'त्वा' या तृतीयेच्या रूपांची जागा 'मी' व 'तू' यांनी घेतल्यामुळे 'मी खातो' आणि 'मी खाल्ली' यांतील 'मी' दिसावयास एकच झाला. दुसरी गोष्ट, प्रमाण मराठीतही 'मी धडा शिकलो', 'मी पाणी प्यालो', 'मी तुझे नाव विसरलो' ही सकर्मक वाक्ये कर्त्याप्रमाणेच चालतात आणि ती कोणी अशुद्ध मानीत नाही. तिसरी गोष्ट, 'वाचलीस' या रूपात कर्त्याने क्रियापदाच्या अंती आपला पाय आधीच रोवला आहे. 'प्यालो' शुद्ध आणि 'खाल्लो' अशुद्ध, हा भेद कोणत्याही तर्काने विद्यार्थ्याला पटविता येत नाही. तो रूढीने सांगावा लागतो. सीमेवरच्या बोलीने एवढेच केले की, भाषेत आधीच असलेल्या एका वाटेचा हमरस्ता केला. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या विद्यमाने झालेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाने सकर्मक भूतकाळी वाक्यांतील मेळ हा आपल्या नोंदींचा एक विषय केला आहे. बोलींकडे चुकांचे कोठार म्हणून पाहण्याचे दिवस शास्त्रात तरी संपले आहेत. वर्गात ते संपावयाचे आहेत.

६

मेळाचा आणखी एक प्रकार या चर्चेत टाळता येत नाही, कारण त्यात व्याकरणाबरोबर समाजही गुंतलेला आहे. 'माझे वडील शेतकरी आहेत' या वाक्याचे 'माय फादर आर अ फार्मर' असे भाषांतर करणारा विद्यार्थी सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला वचन कळत नाही असे नव्हे. वडील एकच आहेत हे तो जाणतो, म्हणूनच 'अ फार्मर' असे एकवचन योजितो. क्रियापदात मात्र तो आदर ठेवतो. 'आमच्या बाई आल्या' या वाक्यात नामाचे रूप तेच राहून विशेषण व क्रियापद अनेकवचनात जातात. मराठीत आदर हा मेळाच्या वाटेने व्यक्त होतो. इंग्रजीत ती वाट बंद आहे. ब्रिटिश लेखकाचे 'द कमिटी आर' आणि आमच्या विद्यार्थ्याचे 'माय फादर आर' यांमागे अर्थानुसारी मेळाचे एकच तत्त्व आहे. पहिल्याला भाषेने मान्यता दिली आहे, दुसऱ्याला नाही, एवढाच भेद.

परंतु या वाटेने आदर जसा व्यक्त होतो तसा अनादरही होतो. दुष्काळात सरकारी कोठारे लोकांस खुली करणारे दामाजीपंत, आणि १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून मंगळवेढ्यातच मृत्यू पावलेला चोखामेळा, हे दोघे एकाच गावाचे संत. 'दामाजीपंत म्हणाले' असे आपण लिहितो आणि 'चोखामेळा म्हणाला' असेही सहज लिहून जातो. वरील वाक्यात 'मृत्यू पावलेला' हे रूप प्रस्तुत लेखकाच्या लेखणीतूनही तसेच उतरले, आणि ते मुद्दाम तसेच राहू दिले आहे. भक्तीच्या जवळिकीमुळे एकवचन येते हे खरे. आपण देवालाही एकवचनीच संबोधितो. परंतु प्रत्येक एकवचन जवळिकीचेच असते असे म्हणण्याचे धैर्य कोणी करू नये. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. इंग्रजीत दोघांसही 'सेड' हे एकच क्रियापद लागते आणि लेखकास निवड करावी लागत नाही. मराठीत ती करावीच लागते. म्हणून मराठीतील क्रियापदाचा मेळ हा केवळ रूपांचा विषय नव्हे, तो लेखकाच्या उत्तरदायित्वाचाही विषय आहे. कर्त्याप्रमाणे क्रियापद चालवावे एवढेच सांगणारा नियम या उत्तरदायित्वाकडे पाहतच नाही.

७

येथवर मांडलेल्या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, इंग्रजीतील मेळाच्या चुका मातृभाषेच्या माथी मारणे योग्य नाही. या आक्षेपात तथ्य आहे. रॉजर ब्राऊन यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या तीन अमेरिकन मुलांच्या भाषेचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. तीत तृतीय पुरुषी 'एस' बऱ्याच उशिरा स्थिर होतो असे दिसले. डुले व बर्ट यांना १९७४ साली स्पॅनिश व चिनी बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजीत प्रत्ययांच्या संपादनाचा क्रम सारखाच आढळला. बॉक व मिलर यांनी १९९१ साली असे दाखविले की, इंग्रजी भाषकही एकवचनी कर्त्यानंतर अनेकवचनी नाम मध्ये आले की फसतात आणि 'द की टु द कॅबिनेट्स आर' असे बोलून जातात. यावरून 'ही गो' या चुकीचा सगळा दोष मराठीवर अथवा कन्नडवर जात नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्या प्रत्ययावर अर्थाचे ओझे जवळजवळ नाही तो कोणासही उशिराच साधतो. परंतु 'माय फादर आर' ही चूक याने उलगडत नाही, आणि 'कर्ता' या शब्दाने होणारा वैचारिक गोंधळही उलगडत नाही. प्रस्तुत लेखाचा दावा या दुसऱ्या प्रकारापुरताच मर्यादित आहे.

दुसरा आक्षेप असा की, बोलीची अशी तरफदारी केल्याने प्रमाणभाषा शिथिल होईल आणि तोटा शेवटी सीमेवरच्याच विद्यार्थ्याचा होईल. परीक्षा आणि नोकरी प्रमाणभाषेवर चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या विद्यार्थ्यास 'खाल्ली' आणि 'ईट्स' ही दोन्ही रूपे आलीच पाहिजेत. प्रश्न ती शिकवावीत की नाही हा नसून कशी शिकवावीत हा आहे. तुझी चूक झाली, एवढेच सांगितले तर तो रूप पाठ करील. तुझ्या बोलीत क्रियापद कर्त्याचे ऐकते, प्रमाण मराठीत भूतकाळी कर्माचे ऐकते, आणि इंग्रजीत ते कर्त्याचेच ऐकते, परंतु वर्तमानकाळी एकाच ठिकाणी बोलून दाखविते, असे सांगितले तर त्याला तीन भाषाव्यवस्थांची तुलना हाती येते. शिवाय या तीन वाक्यांवरून त्याला हेही दिसेल की, या एका बाबतीत त्याची बोली प्रमाण मराठीपेक्षा इंग्रजीला अधिक जवळ आहे. ज्या रूपाबद्दल त्याला लाज वाटावयास लाविली, तेच त्याला इंग्रजीच्या नियमाकडे नेणारी पायरी ठरू शकते.

यासाठी परिभाषेत दोन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. इंग्रजी व्याकरण मराठीतून सांगताना 'सब्जेक्ट' यास 'कर्ता' म्हणू नये. 'उद्देश्य' म्हणावे, अथवा मूळ शब्दच ठेवावा. आणि मेळाचा नियम सांगताना, क्रियापद कोणाप्रमाणे चालते, हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर भाषेगणिक द्यावे. नवीन काही शोधून काढण्याची येथे गरज नाही. कर्तरि, कर्मणि, भावे हे तीन शब्द आपल्या व्याकरणात पूर्वीपासून आहेत, आणि त्यांचा सरळ अर्थ हाच आहे की, क्रियापदाच्या मेळाचे मार्ग एकाहून अधिक आहेत. इंग्रजीने त्यांपैकी एकच पत्करला. तो विश्वाचा नियम आहे असे मानण्याचे कारण आपणांस नव्हते. तरीही आपण ते मानले, आणि त्याची किंमत मात्र दोन वह्या घेऊन बसलेल्या त्या मुलाने दिली.